गोव्याच्या दमट हवेत कुठला चाकू टिकतो? माझे आवडते खिशातले चाकू आणि फिक्स्ड ब्लेड

विचारणारे पर्वरीचे आहेत. घरातल्या साध्या सुऱ्यासुद्धा पावसात तांबड्या पडतात म्हणे, आता एक नीट खिशातला चाकू आणि एक फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा चाकू, घ्यायचाय, वडील मांडवी नदीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातात त्यांच्यासाठी पण काहीतरी बघायचंय, आणि माझे स्वतःचे आवडते कुठले, का, तेही सांगा असं म्हटलंय. उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगतो.

मी फोंडा तालुक्यातला, घरचं छोटं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, आहे. चाकूंचा नाद कॉलेजपासूनचा, आणि वाड्यावरच्या लोकांच्या नि ओळखीच्या हॉटेलांतल्या कुकांच्या सुऱ्यांना धार लावून देतो, त्यामुळे स्वतःच्या चाकूंपेक्षा दुसऱ्यांचे बिघडलेले चाकूच माझ्या हातातून जास्त गेलेत. त्यावरून एक मत पक्कं झालंय ते आधी सांगतो मग बाकीचं: गोव्यात चाकू घेताना पहिला प्रश्न गंजाचा, दुसरा पात्याच्या जाडीचा, आणि बाकी सगळं त्याच्या मागून. व्हिडिओत जे लोक लाकडाचे ओंडके चाकूने फोडून दाखवतात ते कोरड्या हवेच्या मुलखात राहतात आणि त्यांच्याकडे कोयता नसतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वरून खारं वारं, आणि कोयता प्रत्येक घरात असतो. म्हणजे आपलं गणितच वेगळं.

गंजाचं आधी. स्टेनलेस म्हटलं की लोकांना वाटतं आता बघायला नको. स्टेनलेस म्हणजे लोखंडात साधारण ११-१२ टक्क्यांच्या वर क्रोमियम, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर डोळ्याला न दिसणारा पातळ थर धरतं आणि तो थर आतल्या लोखंडाला राखतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं, मग पातं सगळं तांबडं न होता सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आत आत जातात. कुठे बघायचं ते सांगतो: कंपनीचं नाव पात्यावर कोरलेलं असतं ना, त्या अक्षरांत. गंजाचा पहिला नारिंगी ठिपका बहुतेक वेळा तिथेच धरतो, नाहीतर फोल्डिंग चाकूच्या खिळ्याशी जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, कारण पाणी तिथे अडकून राहतं आणि फडकं पोचत नाही. आणखी एक गोम अशी की नुसता क्रोमियमचा आकडा बघून चालत नाही. डी२ नावाचं स्टील हल्ली स्वस्त चिनी चाकूंत सगळीकडे दिसतं, त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं पण कार्बन दीड टक्का, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून त्याचे कार्बाइड नावाचे कडक कण करून बसतो, राखणीला उरतं थोडंच. धार छान टिकते हो, पण जुलैत ओल्या खिशात ठेवलं तर ठिपके येणारच. उलट स्वीडनचं १२सी२७ किंवा १४सी२८एन घ्या, त्यात कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम साडेतेरा-चौदा, धार थोडी लवकर जाते पण लावायला पण सोपी. आपल्याकडे मी हीच देवघेव पसंत करतो, डोळे झाकून.

आता कोयत्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढताना कमरेच्या आकडीत जी कोयती अडकवतो ती बघा. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून लोहाराने ठोकलेली, म्हणजे स्प्रिंगचं स्टील, धक्का सोसणारं, आणि पाणी, म्हणजे तापवून बुडवून कडक करणं, फक्त धारेकडच्या भागाला दिलेलं, पाठ मऊच ठेवलेली, म्हणून नारळाच्या पेंडीच्या देठावर घाव घातला तरी तुकडा उडत नाही. रेंदेराची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची, काती तर त्याहून भारी वस्तू, माडाच्या पोयेचा, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचा, कागदासारखा पातळ काप काढायला बनवलेली, आणि ती रोज इतकी घासली जाते की गंजायला वेळच मिळत नाही. मासळी बाजारात बायका आदोळीवर, म्हणजे विळीवर, इसवण (सुरमई) कापतात, पातं पायाखाली दाबून स्थिर आणि दोन्ही हात मोकळे, तिथे जगातला कुठलाही महाग किचन नाइफ आणून द्या, त्या घेणार नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. सांगायचा मुद्दा असा की फोडणं, तोडणं, सोलणं, खवणं ही कामं आपल्याकडे आधीच वाटून झालीत. खिशातल्या चाकूकडे उरतं काय? दोरी, पार्सल, ठिबकची नळी, कलम बांधताना सालीचा काप, आंबा, गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना केवणीच्या सालीचे दोर आणि सुपारीचं शिपटं (घोस) साफ करणं. या कामांना जाड पातं नुसतं अडचण करतं.

म्हणून माझा एक नंबर, वर्षानुवर्षं तोच, व्हिक्टोरिनॉक्सचा अ‍ॅलॉक्सचा फार्मर. लाल प्लॅस्टिकचा नव्हे, चंदेरी अ‍ॅल्युमिनियमच्या खरबरीत मुठीचा, ९३ मिलिमीटर लांबीचा. एक पातं, एक आरी म्हणजे टोच्या, कॅन आणि बाटली उघडायची दोन हत्यारं, आणि करवत. ती करवत बघून लोक हसतात, पण पोफळीची वाळलेली झावळी किंवा एक इंची पीव्हीसी पाइप कापून बघा, मग बोला. पात्याचं स्टील काही फार ग्रेट नाही, हार्डनेस ५६ रॉकवेलच्या आसपास, आठवड्याला एकदा दगडावर फिरवावा लागतो, पण गंजत नाही म्हणजे जवळजवळ नाहीच, आणि पातं धारेशी इतकं पातळ की सफरचंदाची सालसुद्धा अखंड निघते. कात्री पाहिजे असेल तर पायोनिअर एक्स बघा किंवा लाल ९१ मिलिमीटरवाल्यात हंट्समन, त्यात करवत आणि कात्री दोन्ही आहेत.

या कंपनीचा इतिहास थोडा गमतीचा आहे. कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्वित्स प्रांतात इबाख गावी कारखाना टाकला. स्विस सैन्याने शिपायांसाठी चाकू ठरवला तेव्हा एवढे नग बनवायची ऐपत देशात कुणाचीच नव्हती म्हणून पहिली ऑर्डर जर्मनीत झोलिंगेनला गेली, आणि हे सहन न होऊन एल्सेनरने बाकीच्या कारागिरांना गोळा करून १८९१ पासून स्वतः पुरवठा सुरू केला. ज्याला आपण स्विस नाइफ म्हणतो तो, कॉर्कस्क्रूवाला, ऑफिसरचा चाकू, १८९७ चा. शिपायाच्या चाकूत कॉर्कस्क्रू नव्हता, वाइनची बाटली साहेबालाच उघडायची असणार! नावातलं व्हिक्टोरिया हे त्याच्या आईचं नाव, आणि शेवटचं इनॉक्स म्हणजे स्टेनलेस, ते १९२१ मध्ये जोडलं.

दुसरा आवडता ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला, १८९० पासूनचा, बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, आणि मानेशी एक फिरणारी कडी. ती कडी फिरवली की पातं लॉक, तिला व्हिरोब्लॉक म्हणतात, १९५५ मध्ये आली. एवढा साधा चाकू आणि एवढा सुंदर कापतो की महागड्या चाकूवाल्यांना राग येतो. पातं पाठीकडून धारेपर्यंत सरळ निमुळतं होत गेलंय म्हणून आंबा असा कापला जातो की फोडीचा रस फोडीतच राहतो. आता अडचण: लाकूड पाणी पितं. जून लागला की बीचची मूठ फुगते आणि पातं आत आवळून बसतं, नख मोडलं तरी उघडत नाही. साव्हॉयचे शेतकरी पण याच दुखण्यातले, त्यांची युक्ती अशी की मुठीचा मागचा कोपरा टेबलावर ठोकायचा, पातं थोडं बाहेर उडी मारतं. उपाय म्हणून मी नवीन ओपिनेल आला की पाऊस लागायच्या आधीच, मे महिन्यात, सांधा तेलात बुडवून ठेवतो, रात्रभर, मग पुसून उन्हात, असं दोनतीनदा, आणि खाचेच्या आतल्या भिंती बारीक पॉलिश पेपरने हलक्या घासतो. तेल कुठलं ते खाली सांगतो. आणि घेताना इनॉक्स लिहिलेला घ्या, कार्बोन लिहिलेला नको, निदान पहिला तरी.

तिसरा जरा महाग, स्पायडर्कोचा सॉल्ट सीरिजमधला. ही अमेरिकेतल्या गोल्डन, कोलोराडोची कंपनी. खिशाला लावायची क्लिप आणि अंगठ्याने उघडायचं पात्यातलं गोल भोक, ही आज सगळीकडे दिसणारी जोडी त्यांच्या १९८१ च्या वर्कर चाकूत आली. सॉल्ट सीरिजमध्ये एच१ नावाचं जपानी स्टील वापरत, त्यात कार्बन अगदीच कमी, म्हणून समुद्राच्या पाण्यात पडलं तरी त्याला काही फरक पडत नाही. पुढे एलसी२००एन आलं, ते नायट्रोजनवालं, धार एच१ पेक्षा चांगली धरतं. होडीवर, बंदरावर, जेटीवर काम असेल तर याच्यासारखा चाकू नाही. साध्या धारेचं एच१ लवकर बोथट होतं, दातेरी पातं मात्र नायलॉनचा दोर सपासप कापतं, म्हणून रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराजवळ राहणाऱ्यांनी दातेरीच घ्यावं. दिसायला म्हणाल तर चाकू कुरूप आहेत. पाठीवर कुबड असलेलं ते पातं बघून आमच्या घरी कुणीतरी विचारलं हे अर्धवट राहिलंय का.

हल्ली मॅग्नाकट या स्टीलचा बोलबाला आहे, लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने खास चाकूसाठी बेतलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. त्याने नेमकं ते वर सांगितलेलं दुखणं धरलं, क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकूच द्यायचं नाही, मोकळं ठेवायचं. स्टील उत्तम आहे, वादच नाही. पहिला चाकू म्हणून मात्र पैसे घालू नका, धार लावायला हात बसला की मग बघा.

बक ११० बद्दल विचारतील म्हणून लिहितो. १९६४ पासूनचा अमेरिकन शिकाऱ्यांचा चाकू, पितळेचं डोकं, काळ्या लाकडाची मूठ, पाठीवर दाबायचं लॉक, हातात घेतला की सोडवत नाही. पण वजन दोनशे ग्रॅम, हाफपँटीच्या खिशात टाकला की पँट एका बाजूला ओढते, आणि पितळेला आपल्या हवेत कळंक चढतो. माझ्याकडे आहे, कपाटात आहे, दसऱ्याला शस्त्रं पुजताना बाहेर येतो. लेदरमन मात्र गाडीत असतोच. टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता, गाडी बिघडायची नि हॉटेलचे नळ गळायचे, तेव्हा खिशातल्या चाकूला पकड पाहिजे असं त्याच्या डोक्यात आलं आणि पहिला नग विकायला १९८३ उजाडलं. चाकू म्हणून तो ठीकठाकच, पकड म्हणून सोन्यासारखा.

आता फिक्स्ड ब्लेड. इथे माझं उत्तर कंटाळवाणं आहे: मोरा कंपॅनिअन, स्टेनलेस. स्वीडनच्या मोरा गावचा, १०४ मिलिमीटरचं पातं, अडीच मिलिमीटर जाड, रबरी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. किंमत इतकी कमी की लोकांना विश्वास बसत नाही. स्टील तेच १२सी२७. म्यान प्लॅस्टिकचं आहे ही गोष्ट आपल्याकडे फार मोठी, कारण चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, आत हिरवी बुरशी येते आणि चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला खातात. चामड्याच्या म्यानात चाकू घालून कपाटात ठेवला आणि चवथीला काढला, तर काय निघेल ते बघण्यासारखं असतं.

मोराचं पातं स्कँडी ग्राइंडचं, म्हणजे बाजू सरळ सपाट आणि खाली एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप मिळतो, म्हणून धार लावायला शिकायचं तर याच्यासारखा मास्तर नाही. लाकूड तासायला, बांबूची बेचकी करायला, केवण सोलायला अप्रतिम. पण कांदा, नारळाची कातळी किंवा कच्चा फणस कापायला गेलात तर तो कापण्याऐवजी फाडतो, कारण उतार संपतो तिथे एकदम जाडी येते. इथेच सगळी गोम आहे बघा. चाकू कापतो तो स्टीलच्या नावाने कमी आणि धारेच्या लगेच वरच्या जाडीने जास्त. धारेच्या वर पातं पाव ते अर्धा मिलिमीटर असेल तर स्वस्त स्टीलचा चाकूही लोण्यासारखा जातो, आणि तिथे एक मिलिमीटर असेल तर तुमचं महागडं पावडर स्टील, मॅग्नाकट सगळं टोमॅटोवर घसरतं.

म्हणून ते जाड चाकू. का-बार, १९४२ पासून अमेरिकन मरीनचा, सात इंची पातं, १०९५ जातीचं कार्बन स्टील आणि चामड्याच्या चकत्या ओवून केलेली मूठ. वस्तू देखणी, आणि आपल्याकडे मुठीपासून पात्यापर्यंत सगळं कुजायच्या लाइनीत उभं. फॉल्क्निवेनचा एफ१, १९९५ मध्ये स्वीडनच्या हवाई दलाने वैमानिकांसाठी घेतलेला, त्याला मी मान देतो, लॅमिनेटेड म्हणजे थर जोडून केलेलं व्हीजी-१० स्टील, पूर्ण टँग (मुठीत शिरणारा पात्याचा भाग), बरं बनवलंय. पण साडेचार मिलिमीटर जाडी कशाला पाहिजे इथे? मोले ते कुळे चालत जाताना विमान कोसळणार आहे का? कुणाला एकच फिक्स्ड ब्लेड आयुष्यभर पाहिजे असेल आणि पैशाची पर्वा नसेल तर एफ१ घ्या, नाहीतर मोरा आणि लोहाराची कोयती मिळून त्याच्या दुप्पट कामं होतात.

कोयती मात्र बघून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात, गावच्या लोहाराकडून करून घेतली तर उत्तम. नखाने टिचकी मारा, आवाज खणखणीत आला पाहिजे. धारेवरून कानस हलकी ओढा, ती घसरली पाहिजे, पाठीवर मात्र चावली पाहिजे. दोन्हीकडे चावत असेल तर पाणी नीट बसलेलं नाही. मुठीत टँग कितपत आत गेलंय ते विचारा, शेवटपर्यंत जाऊन मागे वाकवलेलं असेल तर चांगलं.

कार्बन स्टीलबद्दल मन दोन ठिकाणी आहे. कार्बनची धार लावायला जी मजा येते ती स्टेनलेसला नाही, आणि पात्यावर हळूहळू निळसर राखाडी रंग चढतो तो बघायला मला आवडतो. तो रंग म्हणजे पण एक प्रकारचा ऑक्साइडच, पण घट्ट बसलेला, तांबड्या गंजाला थोडी आडकाठी करणारा. मुद्दाम चढवायचा असेल तर माडाचं विनागर कोमट करून त्यात धुतलेलं पातं बुडवा, दहा-पंधरा मिनिटांनी काढून पुसा, पुन्हा बुडवा. भिरंडं (कोकमं) कापलीत तर एका दिवसात पातं काळं-जांभळं होतं, बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसानेही होतं कारण त्यात टॅनिन भरपूर. फक्त हिरव्या काजूबिया सोलायला गेलात तर हाताला तेल लावा, बीच्या सालीतलं तेल कातडी भाजतं, चाकूला काही होत नाही. फणस कापताना पात्याला आणि हाताला आधीच खोबरेल, नाहीतर चीक काढत बसाल संध्याकाळपर्यंत.

धार लावण्याचं थोडक्यात सांगता येत नाही पण प्रयत्न करतो. दगड दोन पुरेत, एक ४०० च्या आसपासच्या ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) आणि एक १०००, वरचे ३०००-६००० वगैरे हौस. पाण्याने भिजवा. मोरा असेल तर उतार टेकवा, बाकी चाकूंना प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. आता लक्ष कुठे ठेवायचं ते ऐका: एका बाजूने घासत राहिलात की धारेचं स्टील थकून दुसऱ्या बाजूला वळतं आणि तिथे बारीक कड तयार होते, तिला बर म्हणतात. अंगठा धारेवरून लांबीत अजिबात फिरवायचा नाही, पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच सरकवायचा, कड नखाला अडकल्यासारखी लागते. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली तरच बाजू बदलायची. बहुतेक लोक इथे घाई करतात, मधल्या भागाला कड येते, टोकाला येत नाही, मग म्हणतात दगड चांगला नाही. दुसऱ्या बाजूनेही कड आली की १००० वर जोर कमी कमी करत आलटून पालटून, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर, धारेच्या उलट्या दिशेने, पाठ पुढे ठेवून. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी ग्लेझ नसलेली खरबरीत गोल कड असते ना, तिच्यावरही तात्पुरती धार येते, गंमत नाही, खरंच येते.

सायकलवरच्या चाकावर धार लावून देणारे येतात त्यांच्याकडे विळी, कोयती द्या, चांगला चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात म्हणजे धारेचा पातळ काठ तापतोय, पाणी नाही वरून. साध्या कार्बन पात्याला पाणी दिल्यानंतर साधारण दोनशे अंशांवर पुन्हा तापवून नरम केलेलं असतं, त्याच्या वर धार तापली की ती मऊ पडते, आणि निळी झाली म्हणजे तीनशेच्या घरात गेली, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

तेलाचं सांगतो म्हटलं होतं. खोबरेल रोजच्या कोयतीला चालतं कारण ती रोज पुसली जाते, पण फोल्डिंगच्या सांध्यात घातलं तर महिन्या-दोन महिन्यांत खवट होऊन चिकटा धरतो, वर धूळ बसते आणि चाकू उघडताना कुरकुरतो. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, बद्धकोष्ठासाठी देतात ते, तेच मिनरल ऑइल, खाण्याच्या वस्तूंना लागलं तरी हरकत नाही, कधी खवट होत नाही आणि स्वस्त. ओपिनेलच्या सांध्यालाही हेच. समुद्रावरून आलात की आधी गोड्या पाण्याने धुवा, फोल्डिंग असेल तर उघडून नळाखाली धरा, वाळू लायनर लॉकच्या, म्हणजे मुठीतल्या लॉक करणाऱ्या पत्र्याच्या, मागे जाऊन बसते, मग कोरडं करा, मग एक थेंब. पावसाळ्यात राखायचे असतील ते म्यानाबाहेर, कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवतो मी, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून लावतातच घरोघरी, तिथेच वरच्या फळीवर.

कायद्याचं न सांगता सोडलं तर चूक होईल. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, कुकरी वगैरे शस्त्रांच्या यादीत येतात, घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. म्हणजे कुळागरात कोयती बिनघोर, पण तीच कमरेला लावून कळंगुटच्या बारमध्ये गेलात तर पोलीस विचारणारच. लहान चाकूसुद्धा जत्रेत, मिरवणुकीत, रात्रीच्या पार्टीला नेऊ नका, कारण सांगायला तोंड राहत नाही. बटण दाबून उघडणारे तर नकोच. आणि ट्रेकवाल्यांना हे कुणी सांगत नाही: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे, गळही आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. दूधसागर भगवान महावीर अभयारण्यात, तसंच म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला. तिथे जाताना चाकू घरी ठेवा. दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनमध्ये टाका, सिक्युरिटीवर काढून घेतलेला चाकू परत मिळेल ही आशा सोडा.

नकली माल खूप आहे. रस्त्यावर आणि ऑनलाइन दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या स्टीलचे थर जोडून केलेलं पातं, म्हणून लाटांची नक्षी असलेले चाकू स्वस्तात येतात, त्यातले बरेचसे अ‍ॅसिडने किंवा लेझरने वरवर नक्षी काढलेले. बारीक पॉलिश पेपर एका कोपऱ्यात घासला आणि नक्षी गेली तर ती वरवरची, खरी असेल तर अ‍ॅसिडमध्ये पुन्हा उमटते. व्हिक्टोरिनॉक्स नकली ओळखायचा तर हत्यारं एकेक उघडून मिटून बघा, खऱ्याचा प्रत्येक पाता टक् करून बसतो, मध्ये हलत नाही, पात्यांच्या मधल्या फटी सारख्या असतात. उजेडात धरा, धार मिटल्यावर बाजूच्या पत्र्याला घासत असेल तर परत द्या.

आता वडिलांचं. गरवायला जाणाऱ्या माणसाला फोल्डिंग देऊ नका, खारट आणि गिळगिळीत हाताने ते उघडणं-मिटणं म्हणजे बोटावर बेतायचं. चणक, तांबोशी जेटीवरच साफ करत असतील तर फिनलंडच्या मार्टिनीचं, ही रोव्हानिएमीची १९२८ पासूनची कंपनी, सहा इंची लवचिक फिले पातं बघा, काट्याला चिकटून वाकत जातं म्हणून मांस वाया जात नाही, फक्त चामड्याचं म्यान आलं तर ते बाजूला ठेवून प्लॅस्टिकचं करून घ्या. डोकं तोडायला, जाड काट्यावर मारायला ते नव्हे, टोक मोडेल. आणि साफसफाई घरी आदोळीवरच होत असेल, म्हणजे आई किंवा आजी करत असेल, तर फिले पात्याचा उपयोग शून्य, मग सरळ मोरा कंपॅनिअन द्या, रबरी मूठ ओल्या हातात घसरत नाही, लाल किंवा नारिंगी रंगाची घ्या कारण काळी हिरवी मूठ संध्याकाळी चिखलात पडली की सापडत नाही. नायलॉनचा दोर मुठीत ओवून पट्ट्याला बांधा. भेट म्हणून देताय तर त्यांच्याकडून रुपया मागून घ्या, चाकू फुकट देऊ नये म्हणतात, घरच्यांना बरं वाटतं. आणि सोबत लिक्विड पॅराफिनची बाटली द्यायला विसरू नका, वर चिठ्ठी चिकटवा नाहीतर ते औषधांच्या खोक्यात जाऊन बसेल.